एका शब्दापुरती वीज

मित्रांनो, मला ओळखायला फार हुशारी लागत नाही. अंगाने काळी, आकाराने चौकोनी, उचलायला जाल तर कंबर धरेल इतकी जड आणि डोक्यावर शिशाची दोन बुटकी शिंगं. मी एक जुनी बॅटरी आहे. मोटारीतली नव्हे, मासेमारीच्या बोटीतली. बोटीचं इंजिन रोज सकाळी झोपेतून उठवायचं, हे माझं काम. ते मी चार वर्षं इमानेइतबारे केलं. तरीही शेवटी माझ्या माथी एक आळ आला. तो खरा की खोटा ते तुम्ही ठरवा, कारण माझी साक्ष अजून कुणी काढलेली नाही. बॅटरीला विचारतो कोण?

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या पोटात सहा घरं आहेत. एकेका घरात शिशाच्या पातळ पट्ट्या फळीवर वह्या लावाव्यात तशा उभ्या लावल्या, घरं एकमेकांना शिशाच्या जाड दुव्यांनी जोडली आणि मग आत तेजाब ओतलं. ते पोटात गेलं आणि अंगात जो जोर आला, तो काय सांगू! वाटलं, डोंगर ढकलायला सांगा, ढकलते. डोंगर नाही मिळाला. मिळालं ते दोन सिलिंडरचं, तेलाने माखलेलं, सदा खोकणारं एक डिझेल इंजिन. आता ज्याच्या नशिबी जे!

बोटीवर दोनच माणसं असायची. एक बोटीचा मालक. दुसरा त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. या मेहुण्याला बंदरावरचा सारा धक्का ‘घाशा’ म्हणायचा, कारण त्याच्या हातात सतत बादली आणि घासणी. मासे निवडून झाले रे झाले की तो बोट अशी घासायचा, जणू तिला बघायला पाहुणे येणार आहेत. मालकाचा स्वभाव अगदी उलटा. त्याचा एकच मंत्र होता, “चालतंय ना? मग हात लावू नको.”

पहिल्याच सकाळी मालकाने किल्ली फिरवली आणि मी एका दमात इंजिन उठवलं. मालक खूश झाला. म्हणाला, “बघ घाशा, बॅटरी असावी तर अशी. नाही तर तू. तुला उठवायला तीन हाका लागतात.” घाशाने माझ्या पाठीवर थाप मारली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी फुलून गेले.

पहिलं वर्ष कौतुकाचं गेलं. घाशा दर पंधरवड्याला माझी सहा झाकणं उघडायचा, पाण्याची पातळी बघायचा, लागेल तेवढं बॅटरीचं पाणी घालायचा. माझ्या शिंगांवर हिरवट पांढरा बुरा चढला की तो गरम पाण्याने धुऊन वर ग्रीस लावायचा. दुसऱ्या वर्षी पंधरवड्याचा महिना झाला, तिसऱ्या वर्षी महिन्याची तिमाही झाली. चौथ्या वर्षी घाशाने एकदा आठवण करून दिली, “दाजी, बॅटरीत पाणी घालायला झालंय.” मालक म्हणाला, “चालतंय ना?” बस. तिथेच विषय संपला. इंजिन हाताने फिरवायचं एक लोखंडी हँडलही होतं. ते एकदा हातातून निसटून समुद्रात गेलं. “आणू की,” म्हणता म्हणता दोन वर्षं झाली.

माझ्या पट्ट्यांची वरची टोकं उघडी पडली, सुकली. मी थकत चालले होते. पण रोज सकाळी इंजिन उठत होतं, म्हणून कुणाला ते कळलं नाही. माणसांचं असंच असतं. जी वस्तू तक्रार करत नाही, तिला काही दुखत नाही असं ते समजतात.

आता त्या दिवसाकडे येते. तो आठवला की माझी रिकामी घरंसुद्धा जळजळतात.

पहाटे आम्ही निघालो. उजाडल्यावर पहिलं जाळं ओढलं, मासे निवडले आणि दुसरं जाळं पाण्यात सोडलं. सोडल्यावर मालकाने नेहमीप्रमाणे इंजिन बंद केलं. त्याचा समज होता की इंजिनाच्या आवाजाने मासे जाळ्यापासून लांब पळतात. घाशा दरवेळी चिडवायचा, “मासे म्हणजे काय आमचे अण्णा आहेत का दाजी, जरा आवाज झाला की उठून जायला?” अण्णा म्हणजे घाशाचे वडील, मालकाचे सासरे. मालक हसायचा, पण इंजिन बंदच ठेवायचा.

घाशाने घासणी घेतली. इंजिनावरच्या लाकडी झाकणावर माशांचे खवले चिकटले होते. त्याने वर बादलीभर पाणी ओतलं आणि खसाखसा घासलं. झाकण लख्ख झालं. खवले मात्र फटींतून खाली, बोटीच्या तळाशी गेले.

तळाशी एक लहान पंप असतो. बोटीत झिरपलेलं पाणी तो बाहेर फेकतो. त्याच्या शेजारी एक तरंगती कळ असते. पाणी वाढलं की ती वर उचलली जाते आणि पंप सुरू होतो. पाणी गेलं की ती खाली येते आणि पंप थांबतो. हा पंप थेट माझ्यावर जोडलेला. बाकी सगळी बटणं बंद असली तरी तो चालतो, नाही तर धक्क्याला बांधलेली बोट एखाद्या दिवशी बुडायची. त्या सकाळी बादलीच्या पाण्याने कळ वर उचलली गेली आणि दोन मोठे खवले तिच्या सांध्यात शिरले. पाणी निघून गेलं. कळ वरच राहिली. पंप कोरडाच घुमत राहिला.

पुढच्या टोकाला दोघे फाटकं जाळं विणत बसले होते. वारा होता, पाणी फळ्यांवर आपटत होतं, त्यात घाशा गात होता. पंपाचा आवाज त्यांना कसा ऐकू जाणार? मला जात होता. घोट घोट करत माझा जोर तो कोरडा पंप पीत होता. मी ओरडू शकले असते तर घसा फुटेपर्यंत ओरडले असते. पण बॅटरीला घसा नसतो. साडेचार तास मी आतल्या आत रिती होत राहिले.

साडेअकराच्या सुमारास वारा फिरला आणि वाढला. आमच्या मागे, किनाऱ्याच्या बाजूला, खडकांची एक लांब रांग आहे. भरतीत तिची फक्त टोकं दिसतात आणि त्यांवर फेस उसळतो. वारा आम्हाला जाळ्यासकट तिकडेच ढकलू लागला. मालक उठला. “चल रे, जाळं सोडून देऊ. इंजिन लावतो.”

त्याने किल्ली फिरवली.

मी सगळा जोर लावला. स्टार्टरने ‘कट्’ असा एक आवाज केला. पुन्हा ‘कट्’. मालकाने किल्ली पुन्हा पिळली. मी तळमळले. अहो मालक, थांबा, किल्लीच्या प्रत्येक फेरीबरोबर उरलंसुरलंही जातंय! पण घाबरलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं. सात वेळा किल्ली फिरवली.

घाशाने झाकण उघडलं. आत घुमणाऱ्या पंपाचा आवाज आला तसा त्याचा चेहरा उतरला. त्याने पंपाला हात लावला, चटका बसला म्हणून मागे घेतला. मग कळीच्या सांध्यातून दोन खवले नखाने काढले. पंप थांबला. तळहातावरचे ते खवले त्याने मालकाला दाखवले.

“दाजी, बॅटरी उतरली. मी उतरवली.”

मालकाने धावत जाऊन नांगर टाकला. दोर ताणला गेला, बोट थांबली, आणि पुन्हा सरकली. खाली वाळू होती. नांगर तिच्यात ओरखडे काढत आमच्या मागे येत होता. वेग कमी झाला, एवढंच. मालकाने मागे बघून अंदाज घेतला. “अर्धा तास,” तो म्हणाला. “फार तर पस्तीस मिनिटं.”

मोबाइल तिथे लागत नव्हता. राहिला रेडिओ. आणि रेडिओही माझ्यावरच.

मित्रांनो, आता मी जे सांगते ते नीट ऐका. आम्हा बॅटरींना एक सवय असते. पार थकून गेल्यावर कुणी हात लावला नाही, तर पोटातलं तेजाब हळूहळू पट्ट्यांत मुरतं आणि थोडा जोर परत येतो. फार नाही. एकदा झटका देण्यापुरता. घाशाला हे ठाऊक होतं. तो म्हणाला, “वीस मिनिटं हिला काही लावायचं नाही, दाजी. लाइट नाही, किल्ली नाही, रेडिओ नाही. मग एकदाच बघू.”

“वीस मिनिटं नुसतं बसायचं? खडक काय वीस मिनिटं थांबणारेत?”

“नाही थांबणार. पण दुसरं काय आहे आपल्या हातात?”

“रेडिओ आहे!” मालकाने हात पुढे केला.

घाशाने त्याच्या आधी रेडिओचा फ्यूज ओढून काढला. ठेवायला कोरडी जागा कुठे? कपडे चिंब भिजलेले. त्याने तो काचेचा इवलासा फ्यूज गालात धरला, लहान मुलं गोळी धरतात तसा.

मालकाने त्याची गचांडी धरली. “बाहेर काढ.”

“कोण येणारे, दाजी? जवळातली जवळ बोट दोन तासांवर आहे. सकाळी तुम्हीच बोललात तिच्याशी.” गालात फ्यूज असल्यामुळे त्याचं बोलणं बोबडं येत होतं. एरवी मालक त्यावर पोट धरून हसला असता.

“मदतीसाठी नाही मागत मी,” मालक म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. “बारा वाजत आलेत.”

बारा वाजता काय असायचं ते सांगते. मालकाची बायको, म्हणजे घाशाची ताई, धक्क्यावरच्या जाळ्यांच्या खोलीत रेडिओपाशी येऊन बसायची. नवरा आणि भाऊ दोघे एकाच बोटीवर. तिचं सगळं गणगोत त्या एका बोटीत बसलेलं. लग्न झाल्यापासून ती म्हणत आली होती, “एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवू नयेत म्हणतात. मी तर एकाच होडीत सगळी माणसं ठेवलीत.” म्हणून रोज दुपारी बाराच्या ठोक्याला मालक रेडिओचं बटण दाबून एकच शब्द बोलायचा, “आहोत.” त्यावर ती म्हणायची, “बरं.” एवढंच. चार वर्षांत एकही दुपार चुकली नव्हती. त्या शब्दाला लागणारी वीज मीच द्यायची, म्हणून मला त्याचा मोठा अभिमान होता.

“एक शब्द,” मालक म्हणाला. “तेवढं तर असेल हिच्यात. ती हातात माइक घेऊन बसली असेल. मला फक्त ‘आहोत’ म्हणू दे.”

“आणि ‘आहोत’ म्हणून वीस मिनिटांनी नसलो तर?” घाशाचे डोळे भरले होते. “ती घरी जाऊन जेवायला बसेल, दाजी. निवांत. आणि संध्याकाळी तिला कळेल.”

मालकाच्या हातातली गचांडी सुटली.

“एक हाक नाही तर एक स्टार्ट,” घाशा म्हणाला. “दोन्ही नाही व्हायचं. चूक माझी आहे, हे माहीत आहे मला. पण हे ऐका माझं.”

मालक माझ्या शेजारी खाली बसला आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा. मला सांगायचं होतं की शब्द आहे माझ्यात, एक शब्द नक्की आहे. आणि हेही सांगायचं होतं की तो शब्द दिला तर इंजिन उठवायला काही उरणार नाही. पण मला बोलता येत नव्हतं. ते बरंच झालं, असं आता वाटतं. मी बोलले असते तर मालकाने कदाचित शब्दच मागितला असता.

बारा वाजले. मालक घड्याळाकडे बघत होता. बारा वाजून एक मिनिट झालं. दोन. पाच. रेडिओ मुका होता, त्यामुळे ती तिकडून हाका मारत असेल तरी इकडे काही येत नव्हतं. “पहिल्यांदा तिला वाटेल मी विसरलो,” मालक म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “आता तिला कळलं असेल.” आणि मग तो लहान मुलासारखा रडला. खडकांवर फुटणाऱ्या लाटांचे तुषार आता बोटीवर येत होते.

घाशा रडत नव्हता. तो कामाला लागला होता. त्याने माझ्या शिंगांवरचा बुरा सुरीने खरवडला, तारा काढून घासल्या आणि घट्ट आवळल्या. इंजिनाच्या डोक्यावर दाब सोडायच्या दोन कळा असतात. त्या वर केल्या की इंजिन हलकं फिरतं, पण पेटत नाही. फिरण्याला वेग आला की कळ खाली पाडायची, मग पेटतं. त्याने दोन्ही वर केल्या. जाळ्याचा जाड दोर इंजिनाच्या चाकाला तीन वेढे देऊन गुंडाळला आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला बांधलं.

“मी ओढतो तेव्हाच किल्ली. आधी नाही, मागून नाही. आणि सोडायची नाही, काही झालं तरी.”

नांगराला एकदा जोराचा हिसका बसला आणि दोर ढिला पडला. तो कुठे तरी तुटला होता. आता बोट सरळ खडकांकडे निघाली. वीस मिनिटं पुरी झाली नव्हती. अठरा झाली होती.

“आत्ता!” घाशा ओरडला आणि मागे झोकून दिलं.

मित्रांनो, त्या वेळी मी काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. सहाही घरांत जे होतं ते सगळं मी एका क्षणात बाहेर काढलं. इंजिन फिरलं, जड, कुरकुरत. घाशाने एक कळ पाडली. इंजिन अडलं. मी ढकललं. माझ्या पोटात तिसऱ्या आणि चौथ्या घराला जोडणारा दुवा तापला, लाल झाला. मला कळत होतं की तो जाणार. इंजिन खोकलं. काळा धूर आला. घाशाने दुसरी कळ पाडली. आणि माझा दुवा तुटला, त्याच क्षणी इंजिन पेटलं.

मालकाने पाण्यातल्या जाळ्याचा दोर कापला आणि सुकाणू पूर्ण वळवलं. खडकांचा शेवाळलेला हिरवा रंग दिसेल इतक्या जवळून बोट फिरली. एक लाट आडवी आली आणि दोघांना लोळवून गेली. मग हळूहळू फेस मागे पडला. दोघांपैकी कुणीही आनंदाने ओरडलं नाही. घाशाने गालातला फ्यूज काढून जागी बसवला. मालकाने बटण दाबलं. “आहोत. आहोत. ऐकतेस का? आहोत!”

पण आता माझ्यात खरोखरच काही नव्हतं. डिझेल इंजिन एकदा पेटलं की विजेवाचून चालतं, पण रेडिओ चालत नाही. इंजिनावरच्या डायनॅमोला जागं करायलाही माझा थोडा टेकू लागतो. तुटलेली बॅटरी टेकू कसला देणार? साडेतीन तास बोट वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू घराकडे आली आणि साडेतीन तास मालक ते मेलेलं बटण दाबत राहिला.

धक्क्याला लागल्याबरोबर मालक खोलीकडे पळाला. घाशाने तारा सोडून मला खांद्यावर घेतलं. दुकानात दाखवायचं निमित्त होतं. मला वाटतं, बहिणीपुढे रिकाम्या हातांनी जायची त्याची हिंमत होत नव्हती.

ताई रेडिओपाशी बसली होती. तिला इंजिनाचा आवाज ऐकू गेला नव्हता, कारण ती अजून बोलत होती. आवाज बसून नुसती हवा येत होती. “आहात का? आहात का?” मालकाने तिच्या हातातून माइक घ्यायला बघितलं तर बोटं उघडेनात. चार तासांत ती तशीच आखडली होती. त्याने एकेक करून ती सोडवली.

तिने नवऱ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं. रडली नाही. तिने एकच विचारलं.

“बारा वाजता का नाही बोललात?”

घाशाने मला उंबऱ्यापाशी खाली ठेवलं. “ताई, मी...”

“बॅटरी पार बसली होती,” मालक मध्येच म्हणाला. “शब्दापुरतीही वीज नव्हती तिच्यात.”

“एका शब्दापुरतीही नाही?”

“नाही. कुचकामी निघाली ती. घाशाने जीव तोडून दोराने इंजिन फिरवलं, म्हणून आलो.”

घाशा जमिनीकडे बघत उभा राहिला. ताई उठली. तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. “ही का ती?” ती म्हणाली. मग दात ओठ खाऊन “मेली!” असं म्हणत तिने मला सणसणीत लाथ मारली. मी ही अशी जड, जागची हलले नाही. तिच्या पायाचा अंगठा मात्र फुटला. ती तिथेच मटकन खाली बसली आणि अंगठा हातात धरून रडू लागली. चार तासांचं सगळं रडू तिने त्या अंगठ्यावर रडून घेतलं. एका बाजूला नवरा बसला, दुसऱ्या बाजूला भाऊ, आणि दोघेही म्हणत राहिले, “लागलं का फार? लागलं का?”

मला राग आला नाही असं नाही. आला. कुचकामी! माझ्यात शब्द होता. मालकाला ते माहीत होतं, घाशाला माहीत होतं. पण घाशा खरं बोलला असता, तर जन्मभर ताईला भाऊ दिसला की ती दुपार दिसली असती. ते ओझं कुणाला तरी उचलायला हवं होतं. आणि तशीही मला जड म्हणूनच सगळे ओळखतात.

आता मी खोलीच्या मागे पडवीत पडून आहे. एक-दोन दिवसांत भट्टीवाला नेईल, शिसं वितळवेल. बोटीवर नवी बॅटरी आली आहे, एक नव्हे, दोन. निघण्याआधी घाशा आता रोज हाताने पंपाची ती तरंगती कळ वर-खाली करून बघतो, झाकणं उघडून पाणी बघतो. मालक शेजारी उभा राहून कंदील धरतो आणि “चालतंय ना?” म्हणत नाही.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. तुमच्यासाठी जे रोज मुकाट्याने राबतं, मग ती बॅटरी असो की माणूस, त्याची झाकणं वेळेवर उघडून बघा. पाण्याचे चार थेंब आणि फडक्याचा एक हात, याहून जास्त मी कधी मागितलं नव्हतं. तेवढं मिळालं असतं, तर त्या दुपारी माझ्याकडे दोन्ही असतं. इंजिनही उठलं असतं, आणि त्या बाईला तिचा शब्दही मिळाला असता.